आधी सही, मग अंगठा

परवा भात विकायच्या अर्जावर आईचं नाव लिहायला घेतलं आणि पेन अडलं. मागं रांगेत बाया, पुढं खिडकीतला माणूस कपाळाला आठ्या घालून बघतोय, आणि मी शिकलेसवरलेली बाई स्वतःच्या आईच्या नावाशी अडखळतेय. "काय ओ ताई, आईचं नाव आठवंना व्हय?" असं मागून कुणीतरी म्हणालं आणि रांग हसली. मीही हसले. काय सांगणार? दर सुगीला माझं हे असंच होतं. रामनगरच्या मागच्या अंगाला भात पिवळं पडलं, बांधाबांधावर विळे घासल्याचा खरखर आवाज सुरू झाला, की ती एक सुगी आठवते. लोक म्हणतात, काळ गेला की धक्का बोथट होतो. कुणाचा होत असेल त्यांचा होवो. माझा झालेला नाही.

त्या वर्षी मी एका अभ्यासात काम करत होते. एका विद्यापीठाचा अभ्यास, बाहेरून अनुदान मिळालेला. अभ्यास कशाचा, तर मजुरीचा. कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्याच्या रानातल्या माणसाला गेल्या तीस वर्षांत काम कधी मिळालं, किती दिवस मिळालं, काय दरानं मिळालं, कुणी काम सोडलं आणि सोडून कुठं गेलं. एवढं सगळं एका कागदावर कुठं सापडणार? म्हणून कागदाला कागद जोडायचा. रोपवाटिकांचे आणि रस्त्याच्या कामांचे जुने हजेरीपट एकीकडं, रोजगाराची कार्डं दुसरीकडं, बँकेत जमा झालेली मजुरी तिसरीकडं. लोकांची संमती घेऊन हे सगळं कॉम्प्युटरला द्यायचं आणि कॉम्प्युटरनं सांगायचं, की या हजेरीपटावरचं हे माणूस आणि त्या कार्डावरचं ते माणूस एकच. त्याला आम्ही 'जोडणी' म्हणायचो. जिथं कॉम्प्युटरला शंका येई, तिथं माझ्यासारखीनं घरी जाऊन विचारायचं, काय ओ, हे तुम्हीच का?

काम मला आवडायचं. उन्हातान्हात फिरायचं, कुणाच्याही ओसरीवर बसायचं, ताक प्यायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा. आई म्हणायची, "लोकांच्या चौकशा करायचे पैसे मिळत्यात व्हय? मग आपल्या गल्लीतल्या बाया लखपती व्हायला पायजेत."

पहिला दणका अभ्यासालाच बसला. नंदिगड्डेला एका शेतात बारा बाया ओळीनं भात कापत होत्या. मी बांधावर उभी राहून छापील प्रश्न वाचला, "गेल्या सात दिवसांत तुम्ही मजुरीचं काम केलंय का?" घामानं निथळणारी, मुठीत भाताच्या काड्या धरलेली बाई मान वर न करता म्हणाली, "न्हाई." दुसरी म्हणाली, "न्हाई." तिसरीही तेच. मला वाटलं, चेष्टा चाललीय.

"मग हे काय करताय?"

"ह्यो पैरा हाय गं बाय," सगळ्यात म्हातारी म्हणाली. "आज हिचं कापायचं, उद्या माझं, परवा तिचं. ह्याला मजुरी म्हनत्यात व्हय? कोन शिकिवलं तुला?"

म्हणजे आज बारा जणी हिच्या शेतात, उद्या ही त्यांच्या शेतात. पैसा मधे येत नाही. पण पैरा चुकवला तर पुढच्या सुगीला तोंड दाखवायला जागा राहत नाही. संध्याकाळी माझ्या टॅबमध्ये त्या बाराच्या बारा 'बेरोजगार' म्हणून चढल्या. मी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणजे हा अभ्यास चालवणाऱ्या बाई. विद्यापीठात शिकवायच्या, माझ्याशी कन्नडमधून बोलायच्या. त्या फोनवर "अय्यो!" म्हणून ओरडल्याच, आणि दोन दिवसांत प्रश्न बदलून आला. बाई भली होती. आपलं चुकलं म्हणायला तिला लाज वाटत नसे.

दुसरा दणका नावांचा. कॉम्प्युटरच्या हिशेबानं आमच्या तालुक्यातल्या पोरी लग्नाच्या वयाला आल्या की काम सोडून नाहीशा होत, आणि त्याच सुमाराला कुठून तरी नव्याच बाया उगवत. मॅडमनी या नाहीशा होण्यावर अख्खं प्रकरण लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, नाहीशी कुठं होतेय? नंदिगड्डेची सुशीला लग्न होऊन गुंदला गेली आणि ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं 'लक्ष्मी' लिहिलं. झाली लक्ष्मी. बाई तीच, विळा तोच." मॅडमनी ते प्रकरण थांबवलं. मग फॉर्मवर एक रकाना वाढला, माहेरचं नाव. मी घरोघरी जाऊन शंभरेक बायांना त्यांचं माहेरचं नाव विचारलं असेल. कुणी लाजल्या, कुणी खळखळून हसल्या, एकीनं तर आठवायलाच वेळ घेतला. मला आपलं वाटत होतं, मी केवढी हुशार! काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण माझ्यासाठीच केली असणार.

मग भर सुगीत रामनगरची यादी आली. शंकेच्या जोड्यांची. मॅडमचा फोनही आला, आवाजात उत्साह मावत नव्हता. "यात एक नोंद बघ. आपल्या अख्ख्या अभ्यासात इतकी लांब आणि सलग नोंद दुसरी नाही. गुंदकडच्या रोपवाटिकेपासून सुरू होते ती आजपर्यंत. गाव बदललं, काम बदललं, पण बाईनं काम सोडलं नाही. फक्त एक विचित्र आहे. सुरुवातीला ही बाई सही करते आणि नंतर अंगठा देते. लोक अंगठ्याकडून सहीकडं जातात. सहीकडून अंगठ्याकडं कोण येतं? हाताला काही झालं असेल का, ते विचार."

मी यादी उघडली. सावित्री कोम नारायण.

आमच्याकडं सरकारी कागदावर बाईच्या नावापुढं 'कोम' आणि मग नवऱ्याचं नाव असतं. कोम म्हणजे अमक्याची बायको. सावित्री, नारायणची बायको. मी फोनवरच किंचाळले, "मॅडम, ही माझी आई!"

खरंच सांगते, मला इतका अभिमान वाटला की छाती फुगली. सगळ्या तालुक्यात माझी आई पहिली! शाळेचं तोंड न पाहिलेली, आजही बँकेत गेली की शाईचा डबा शोधणारी माझी आई. आणि ही बया पूर्वी सही करायची? आणि मला सांगितलं नाही? मी तिला दहादा सही शिकवायला बसवलं होतं. दहाही वेळा "माझ्या बोटास्नी विळ्याची सवय हाय, पेनाची न्हाई," म्हणून ती उठून गेली होती. लबाड! मी तो जुना हजेरीपट छापून घेतला, घडी घालून पिशवीत टाकला आणि आईला चिडवायचं म्हणून तडक शेताकडं निघाले.

दुपारची वेळ. आई एकटीच खळ्यावर पेंढ्या बांधत होती. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, मी एकुलती एक, त्यामुळं शेतात आम्ही दोघीच. मी कागद तिच्या नाकापुढं नाचवला. "काय गं लबाडे! सही करायचीस आणि आम्हाला अंगठा दाखवतेस व्हय? हे बघ, तुझी सही!"

आईनं कागद हातात घेतला नाही. नुसता बघितला. अक्षर तिला वाचता येत नाही, पण ते काय आहे हे तिला पटकन कळलं. पेंढीची गाठ अर्धीच राहिली.

"ती सही माझी न्हवं," ती म्हणाली.

"मग कुणाची? नाव तर तुझंच आहे."

"तुझ्या आईची."

हे शब्द कुणाच्या तोंडून आले ते लक्षात घ्या. माझी आई मला म्हणाली, तुझ्या आईची. मी फाटकन बोलले, "येड लागलंय का तुला?" आणि हातातला कागद खाली आणला. कारण आईचा चेहरा. आई चेष्टा करते तेव्हा तिच्या गालाला खळी पडते. खळी नव्हती.  मी पेंढ्यांच्या ढिगावर बसले, आणि आई उभीच राहून, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तशी सांगत गेली.

गुंदजवळच्या वाडीत बाबांची पहिली बायको होती, सावित्री. मी तिच्या पोटची. मी नऊ महिन्यांची असताना कावीळ झाली, आणि श्रावणात ती गेली. मार्गशीर्षात बाबांचं दुसरं लग्न झालं. मुलगी कॅसलरॉकची, म्हणजे रेल्वे स्टेशनाच्या गावची, एकोणीस वर्षांची, दुसरेपणावर दिलेली. बाबांच्या आईनं सांगितलं, नाव पहिलीचंच ठेवायचं. घराला सावित्रीची सवय आहे. पहिलीला वाटायला नको की आपल्याला विसरले. वाटलं तर ती येऊन नवीला धरते. म्हणून ताटातल्या तांदळात पुन्हा तेच नाव लिहिलं. माझ्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आत बाबांना रामनगरच्या भातगिरणीत काम मिळालं, आम्ही इकडं आलो, आणि इथं कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. नारायणची बायको सावित्री, त्यांची मुलगी ज्योती. सरळ तर आहे.

"बाबांनी सांगितलं नाही. तू सांगितलं नाहीस."

"काय सांगू, जोती? तू मला आई म्हनालीस त्या दिवशीच ठरवलं, आता कशाला."

मी उठले आणि चालायला लागले. कुठं ते ठाऊक नव्हतं. आईनं हाक मारली नाही. रस्त्याला लागल्यावर एका ट्रकनं एवढ्या जोरात हॉर्न दिला, की मी बाजूच्या गटारात उतरले आणि तिथंच उभी राहिले. डोक्यात एकच वाक्य, कुणी तरी थोबाडीत मारावी तसं परत परत. तुझ्या आईची.

तो हजेरीपट आजही माझ्याकडं आहे. कन्नडमधला, पिवळा पडलेला कागद, त्याचा छाप. दर महिन्याला नावांची ओळ, दिवसांची घरं, शेवटी सही किंवा अंगठा. सगळ्या बायांचे अंगठे, काळे काळे, आणि मधे एका ओळीत देवनागरीतली सही. 'सावीती'. त्यातला 'त्र' नाही. तेव्हा मी त्या कागदाकडं किती वेळ बघत बसले असेन! मॅडमना कॉम्प्युटरनं जे दाखवलं नव्हतं ते मला दिसायला लागलं. आषाढात सही आहे. मग सहा महिने काहीच नाही. कॉम्प्युटरनं त्याला 'हंगामी खंड' म्हटलंय. मग माघात त्याच नावापुढं अंगठा. हंगामी खंड! एक बाई मेली, तेरावा झाला, तिचे कपडे वाटले, नवी आणली, नवीच्या मांडीवर पोर दिलं, आणि याचं नाव हंगामी खंड.

आणि त्याच्या आदल्या कार्तिकात, सुगीच्याच दिवसांत, सहीवालीची महिनाभर गैरहजेरी. बाकी सगळं साल ती हजर. तोच एक महिना सगळी घरं फुलीनं भरलेली. मी आधी नुसतीच बघत होते. मग माझा जन्ममहिना आठवला. ती गैरहजेरी म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मी गुंदला गेले. पारूआत्ते, म्हणजे बाबांची चुलतबहीण, अजून तिथंच राहते. अंगणात सुपारी सुकत होती आणि आत्ते काठी घेऊन कोंबड्यांना हाकलत होती. मी काही विचारायच्या आधीच तिनं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"कळलं व्हय?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"वाडीला सगळ्या ठाऊक हाय."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!" मी ओरडले, तशा कोंबड्या उडाल्या.

"तू ल्हान हुतीस. मग मोठी झालीस. मधी येळच घावला न्हाई," आत्ते म्हणाली. इतक्या साधेपणानं, की माझा सगळा राग जागच्या जागी लटकला. भांडायचं तरी कुणाशी?

मग आत्तेनं सांगितलं. सहीवाली चौथीपर्यंत शिकलेली. माहेरचं नावही सावित्रीच, चांगलं नाव म्हणून सासरी बदललं नाही. तोंडाळ, तुझ्यासारखीच. रोपवाटिकेतला कारकून म्हणायचा, सगळ्यांबरोबर अंगठा दे, येळ वाचंल. ती म्हणायची, "माझं नाव हाय, मी लिव्हनार. तुमास्नी घाई आसंल तर जावा." जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत बसायची, मागं बाया खोळंबलेल्या. "त्र काय तिला शेवटपत्तुर जमला न्हाई," आत्ते म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसले. फोटो नाही. कपडे नाहीत. तिचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते म्हणजे मी आणि हजेरीपटावरच्या त्या सह्या.

बसमधून परत येताना मला कुणाचा राग येत होता माहितीय? कॉम्प्युटरचा. एवढं मोठं अनुदान, एवढी शिकलेली माणसं, आणि या यंत्राला एक मेलेली आणि एक जिवंत बाई वेगळी ओळखता येऊ नये? मेलेल्या बाईला यानं तीस वर्षं राबवलं! आणि एकोणीस वर्षांची कॅसलरॉकची पोर याला दिसलीच नाही! मनातल्या मनात मी त्याला शिव्या मोजत होते, आणि रानातल्या एका वळणावर कुठं तरी माझ्या लक्षात आलं, की यंत्रानं नवीन काहीच केलेलं नाही. नाव तेच, कोम तोच, घर तेच, म्हणजे बाई तीच. हे आमच्याच घरानं आधी ठरवलं होतं, तांदळाच्या ताटात. यंत्र बिचारं आमचं ऐकून वागलं. त्यानं निदान सही आणि अंगठ्याची शंका तरी काढली. घरात तेवढीसुद्धा कुणी काढली नव्हती. मी पण नाही. मला कधी प्रश्न पडला नाही की आमच्या घरात माझ्या बारशाची गोष्ट कुणीच का सांगत नाही.

आता या सगळ्याला वर्षं झाली. हे लिहिते आहे आणि बाहेर आई शेजारणीशी यंदाच्या रानडुकरांवर तावातावानं बोलते आहे. यंदा डुकरांनी खालचं शेत पार तुडवलंय. तिचा आवाज ऐकला की मला अजून कधी कधी एकदम वाटतं, ही कोण? क्षणभरच. पण वाटतं. मग मी मुद्दाम बाहेर जाऊन काही तरी निमित्त काढून तिच्याशी भांडते. भांडलं की बरं वाटतं. परक्या बाईशी कुणी असं भांडत नाही.

त्या सुगीत मात्र आम्ही भांडलोसुद्धा नाही. ते सगळ्यात वाईट. घरात दोघी, आणि बोलणं कामापुरतं. ती भाकरी वाढायची आणि नेहमीसारखी समोर न बसता चुलीपाशी जाऊन बसायची, पाहुण्याला वाढावं तशी. मी म्हणायचे नाही, इकडं ये. का म्हटलं नाही? मला आजही त्याची लाज वाटते. मला वाटत होतं की आपण फसवले गेलोय. तिचं काय झालं असेल हा विचार माझ्या मनात यायला चार-पाच दिवस लागले. तिला पोटचं मूल झालं नाही. जे होतं ते दुसरीचं, नाव दुसरीचं, हजेरीपटावरची ओळसुद्धा दुसरीची.

इकडं मॅडमचा फोन. मी त्यांना सगळं सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "माझ्या हातून हे असं छापलं गेलं असतं. सगळ्यात सलग नोंद म्हणून मी पहिल्या पानावर घेणार होते." मग हळूच, "तुझ्या घरातली गोष्ट आहे. तू म्हणशील ते. दोन व्यक्ती म्हणालीस तर दोन ओळी करू. काहीच नाही म्हणालीस तर एक राहील. पण सोमवारी फाईल बंद होते, त्यानंतर मला काही करता येणार नाही." मी म्हटलं, बघते.

शनिवारी आई भाताला ऊन देत होती. मी ओसरीवर फॉर्म घेऊन बसले होते. वर प्रश्न छापलेला, 'या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?' खाली दोन चौकटी. तिला वाचता येत नाही, पण माझ्या हातात तोच कागद आहे हे तिला न सांगता कळत होतं. पायानं भात पसरता पसरता ती म्हणाली, "दोन लिव्हलंस तर मी सावत्र हुईन न्हवं?"

इतकी वर्षं हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींमधल्या सावत्र आया कशा होत्या? पोरांना उपाशी ठेवणाऱ्या, रानात सोडून येणाऱ्या. आणि मला गोवर आला होता तेव्हा सात दिवस मांडीवर घेऊन बसलेली ही बाई मला विचारत होती, मी सावत्र होईन का. मला लगेच 'नाही' म्हणायला हवं होतं. मी फॉर्मवरच्या चौकटींकडं बघत राहिले. ती वाट बघून आत गेली.

एक लिहावं, तर जिनं मला जन्म दिला ती कधी नव्हतीच असं होतं. तिचं मरणसुद्धा कुठं राहत नाही. दोन लिहावं, तर जिनं मला वाढवलं तिला मी माझ्या हातानं सावत्र करते. शंभर बायांच्या ओसरीवर बसून भराभर खुणा केल्या होत्या मी. आता एक खूण होईना.

रविवारी आम्ही उरलेली मळणी काढली. दिवसभर काम आणि काम. ऊन कलायच्या सुमाराला आई माझ्यापुढं येऊन उभी राहिली, केसांत कोंडा, पदर खोचलेला.

"किती लिव्हलंस?"

"अजून काही नाही."

"मग लिव्ह. दोन."

मी म्हटलं, "आणि सावत्र?"

"भ्या वाटतंय. अजून वाटतंय," ती म्हणाली. "पर मला रातभर तिची ती सही दिसतीया. जीभ काढून लिव्हायची म्हनं. पारूनं मला पन सांगितल्यालं, पयल्या सालीच. मी तिच्या लुगड्यात गेले, तिच्या चुलीवर गेले, तिच्या नावावर अंगठा उठिवला. सगळं दिलं तिनं. आनि वर तिनं काम केलं ते बी माझ्याच नावावर? आसं कसं, जोती? राबली हुती ती. मी तर तवा कॅसलरॉकला गाडीतल्या लोकास्नी जांभळं इकत हुते."

तेव्हा मी रडले. पहिल्यांदा. आठ दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं, नाक, डोळे, सगळं. "तू सावत्र असतीस," मी हुंदके देत म्हटलं, "तर मला एवढा राग आला असता का गं? परक्याचा कुणाला एवढा राग येतो?" आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, कोंड्यासकट; रात्रभर गाल खाजत होते.

मग आम्ही खळ्यावरच बसलो. मी मांडीवर फॉर्म घेतला. पहिली ओळ लिहिली. तिथं काही अडलं नाही. दुसऱ्या ओळीला मी 'सावित्री' लिहायला गेले आणि थांबले. रकाना होता, माहेरचं नाव. मीच मॅडमना सांगून घालून घेतलेला रकाना.

मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं.

शंभर बायांना विचारलं होतं हो मी! कॅसलरॉकची आजी हिला 'बाय' म्हणायची, मामा 'अक्का' म्हणायचा, बाबा तर हाकच मारायचे नाहीत, नुसतं खाकरायचे. आता आजी नाही, मामा नाही, बाबा नाहीत. या जगात एकही माणूस उरलं नव्हतं ज्याला हिचं नाव माहीत असेल आणि ज्याच्या तोंडून ते बाहेर पडेल. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती त्या दुपारपेक्षा आता जास्त सरकली.

"आई," मी म्हटलं, "तुझं नाव काय गं?"

ती एकदम लाजली. माझी आई, पन्नाशीची बाई, मान फिरवून बसली. "कशाला आता ते."

"लिहायचंय."

"नगं. काय तरी लिव्ह तुझ्या मनानं."

"आई."

तिनं इकडं तिकडं बघितलं, जसं काही कुणी ऐकेल. मग जमिनीकडं बघत, ओठातल्या ओठात म्हणाली. मी लिहिलं. तिला दाखवलं, तर तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. भाताची धूळ लागलेलं बोट, कागदावर रेघ उमटली.

"वाच बघू," ती म्हणाली. "दोनी वाच. बरूबर लिव्हलंयस का बघू."

मी कागद धरला आणि मोठ्यानं वाचायला लागले. "सावित्री, कोम नारायण, गुंद. रोपवाटिका. सही करत होती. आषाढात काम थांबलं." आई मान खाली घालून ऐकत होती. तिचे हात जोडलेले होते हे मला नंतर दिसलं.

मग दुसरी ओळ. ती मी जरा जास्तच जोरात वाचली.

"तुळसा!"

"ओऽ!" आई म्हणाली, आणि ताडकन उठून उभी राहिली.